आधार देणारा हात आणि त्याच्यापर्यंतची वाट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानाचा विषय सहसा गौरवाचा असतो. पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा, दात्यांचे स्मरण, नव्या संकल्पांची घोषणा हे सारे यथोचितच आहे. आजचा विषय मात्र अशा कुटुंबांचा आहे, की जी या सभागृहात पूर्ण संख्येने कधीच दिसत नाहीत. वडील आले तर आई घरी थांबते, आई आली तर आजी थांबते. कारण घरात तीस वर्षांचा एक मुलगा असतो आणि त्याला एकटे सोडता येत नाही. लग्नकार्य असो, पर्युषण असो, यात्रा असो, त्या घरातील एक माणूस नेहमी मागे राहतो. समाजाच्या परिचय-पुस्तिकेत त्या मुलाचे नाव छापलेले असलेच, तर शिक्षण आणि व्यवसाय हे दोन्ही रकाने कोरे असतात.

अशा मुलांना एके काळी सरसकट 'मतिमंद' म्हटले जाई. आज कायद्याची भाषा 'बौद्धिक दिव्यांग' अशी आहे. परंतु विषय एवढ्याच मुलांपुरता मर्यादित नाही. बौद्धिक दिव्यांगत्व (डाउन सिंड्रोम असलेली मुले बहुधा यातच येतात), स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि यांपैकी एकाहून अधिक अवस्था एकत्र असलेले बहुविकलांगत्व, अशा चार गटांचा येथे विचार करावयाचा आहे. या चारही अवस्थांचा उगम जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा बालपणाच्या प्रारंभी असतो, आणि त्या आयुष्यभर सोबत राहतात. हा वेडेपणा नव्हे, हे आजही अनेक सुशिक्षित घरांतून समजावून सांगावे लागते, ही खेदाची बाब आहे. अर्थात यात केवळ लोकांचा दोष नाही. पन्नास वर्षांपूर्वी देशात १९१२ चा 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' लागू होता आणि त्याच्या व्याख्येत जन्मतः बुद्धी कमी असलेला माणूस व मनोरुग्ण एकाच पंक्तीत बसवलेले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने प्रथमच मतिमंदत्वाला मनोरुग्णाच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले. त्यानंतर १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम आला, त्यात सात प्रकारचे अपंगत्व होते आणि स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ साली वर सांगितलेल्या चार गटांसाठी स्वतंत्र 'राष्ट्रीय न्यास' अधिनियम झाला. अखेरीस दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस झाले. म्हणजे कायदा बराच पुढे सरकला आहे. प्रश्न आहे तो कायद्यापासून घराच्या उंबरठ्यापर्यंतच्या अंतराचा.

जैन समाजाला अपंगसेवा नवीन नाही. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली आणि 'जयपूर फूट' देशाच्या कानाकोपऱ्यात व परदेशांतही पोहोचले. पाय गमावलेला माणूस काठीच्या आधाराने येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत स्वतःच्या दोन पायांवर परत जातो, हे दृश्य पाहणाऱ्याचे डोळे पाणावतात. तेव्हापासून आपल्या दानाला शिबिराची सवय लागली. नेत्रशिबिर, जयपूर फूट शिबिर, श्रवणयंत्रांचे वाटप. एका दिवसात दिलेले दान एका दिवसात फळाला येते आणि त्याचे छायाचित्रही काढता येते. विकासात्मक दिव्यांगत्वाच्या बाबतीत ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी ठरते. या मुलाला वस्तू फारशी लागतच नाही. त्याला माणूस लागतो, आणि तो रोज लागतो. सकाळी दात घासताना, आंघोळीच्या वेळी, शर्टाची बटणे लावताना, घास भरवताना, रस्ता ओलांडताना, दुकानात पैसे मोजून देताना, आणि बोलता येत नसेल तर त्याच्या मनातले ओळखताना. यालाच जगभर 'थेट आधार सेवा' असे नाव आहे. आपल्याकडे तिला नावच नाही, कारण ती आई करते. तीस-तीस वर्षे करते, आणि तिच्या गुडघ्यांचे ऑपरेशन ठरते त्या दिवशी घरातल्यांना प्रथम कळते की हे काम केवढे होते.

ही सेवा मिळवण्याची वाट कोठून सुरू होते? मूल मान धरत नाही, नजरेला नजर देत नाही, दोन वर्षांचे होऊनही शब्द फुटत नाही, तेव्हापासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात. विकासात मागे पडलेली मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवली जातात. तेथे बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि विशेष शिक्षक यांची सोय एका छताखाली असावी, अशी योजना आहे. प्रत्यक्षात काही पदे रिकामी असतात, हे खरे. तरीही पहिली पायरी म्हणून हे केंद्र उपयुक्त आहे आणि ते निःशुल्क आहे. आपल्या समाजातील मुले बहुधा खासगी इंग्रजी शाळांत जातात. त्यामुळे या पथकांच्या नजरेसही ती पडत नाहीत, आणि केंद्र अस्तित्वात आहे हे पालकांना मूल दहा वर्षांचे झाल्यावर कळते.

याहून मोठा अडसर घरातच असतो, आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलणे आवश्यक आहे. थोरल्या मुलीचे स्थळ पाहावयाचे असते, धाकट्याचे लग्न जुळवावयाचे असते. 'घरात असे मूल आहे' हे पाहुण्यांना कळू नये म्हणून त्याला आतल्या खोलीत ठेवले जाते, मामाकडे पाठवले जाते, आणि सरकारी कागदावर त्याचे नाव चढू दिले जात नाही. प्रमाणपत्र काढले तर शिक्का बसेल, ही भीती असते. वस्तुतः या मुलांच्या बाबतीत पहिली पाच-सहा वर्षे सर्वांत मोलाची असतात, आणि नेमकी तीच या लपवालपवीत जातात. नवस, ताईत, अमक्या गावचे औषध यांत किती पैसा जातो याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. डाउन सिंड्रोमचे कारण बहुतांश मुलांत गुणसूत्रांची एकविसावी जोडी तीनची होणे हे असते, आणि ते बहुधा वंशपरंपरेने येत नाही. ही एक गोष्ट जरी स्थळे पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना ठाऊक झाली, तरी अनेक बहिणींची लग्ने अकारण अडणार नाहीत.

आता प्रमाणपत्राविषयी, कारण पुढची सर्व दारे त्याच किल्लीने उघडतात. अर्ज केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर करावा लागतो. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रे याच ऑनलाइन मार्गाने देणे बंधनकारक झाले आहे. छायाचित्र, आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि पूर्वीचे वैद्यकीय कागद एवढे जवळ असले म्हणजे अर्ज भरता येतो. घरी जमत नसेल तर सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत भरून मिळतो. त्यानंतर जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या अन्य रुग्णालयात तपासणीस जावे लागते. तपासणीचे वार ठरलेले असतात. ते अगोदर विचारून घेतले नाहीत, तर चाळीस किलोमीटरवरून रिक्षा करून आणलेले मूल तसेच परत न्यावे लागते. तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि 'युडीआयडी' म्हणजे वैश्विक ओळखपत्र मिळते. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. लहान वयात मिळालेले प्रमाणपत्र काही वर्षांपुरतेच असते. त्याची मुदत केव्हा संपते ती तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवलेली बरी.

टक्के कसे ठरतात, याविषयी फार गैरसमज आहेत. बौद्धिक दिव्यांगत्वात केवळ बुद्ध्यंक पाहिला जात नाही. मूल दैनंदिन व्यवहारात काय करू शकते, हेही पाहिले जाते. यासाठी वापरली जाणारी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणी मूळची अमेरिकेतील एडगर डॉल यांची. तिचे भारतीय रूप डॉ. ए. जे. मालिन यांनी तयार केले आणि ते आजही 'नागपूर रूपांतर' या नावाने ओळखले जाते. त्यात ८९ बाबी आहेत: स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, ओळखीच्या रस्त्याने एकटा जातो का, निरोप सांगतो का, इत्यादी. स्वमग्नतेसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस बाबींची भारतीय मापनश्रेणी आहे. या दोन्हींत पालकांच्या उत्तरांना मोठे महत्त्व असते, आणि येथेच आईचा स्वाभिमान आड येतो. 'जेवतो का?' असे विचारताच ती म्हणते, 'हो, सगळे स्वतः करतो.' पानात कालवून दिल्यावर, शेजारी बसून दहा वेळा आठवण करून दिल्यावर तो जेवतो, हे ती सांगत नाही. इतक्या लोकांसमोर मुलाची उणीव बोलणे तिच्या जिवावर येते. परिणामी टक्के कमी भरतात आणि ज्याला खरोखर अधिक मदत हवी तोच बाहेर राहतो. म्हणून तपासणीला जाण्यापूर्वी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवावे: कोणती गोष्ट स्वतः करतो, कोणती सांगितल्यावर करतो, कोणती हात धरून करवावी लागते, रात्री किती वेळा उठवावे लागते. ती वही डॉक्टरांसमोर ठेवावी. पुढे मदतनीस ठेवताना, शाळेत घालताना, संस्थेत प्रवेश घेताना हीच वही पुन्हा पुन्हा उपयोगी पडते. आणि ज्याच्याविषयी ही सारी चर्चा चाललेली असते तो समोरच बसलेला असतो व त्याला बरेचसे समजत असते, याचे भान ठेवून हे बोलणे व्हावे.

ओळखपत्र हाती आल्यावर मिळणाऱ्या सवलतींची यादी मोठी आहे. येथे काहींचाच उल्लेख पुरे. सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीस व तिच्या सोबत्यास रेल्वेभाड्यात मोठी सूट मिळते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या पालकास ७५,००० रुपयांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबासाठी तहसील कार्यालयामार्फत संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांगांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला. समाजात सर्वच घरे सधन आहेत असा जो समज बाहेर आहे, आणि काही अंशी आतही आहे, तो खरा नाही. खेड्यातील लहान शेतकरी आणि दुकानातील नोकरदार यांच्या घरी या रकमेला अर्थ आहे. शासकीय सेवेतील आई-वडिलांच्या पश्चात स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यास कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. त्यासाठी अपत्याची नोंद पालकांनी आपल्या हयातीतच कार्यालयात करून ठेवावी, म्हणजे मागे राहणाऱ्यांची धावपळ वाचते.

'निरामया' या आरोग्य विमा योजनेविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. राष्ट्रीय न्यासाची ही योजना वर सांगितलेल्या चारही गटांसाठी आहे. एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनच्या अवस्थेमुळे नकार नाही, वयाची अट नाही. रुग्णालयात दाखल न होता घेतलेले उपचार, औषधे, तपासण्या आणि नियमित चालणाऱ्या थेरपी यांचा खर्चही ठरलेल्या उपमर्यादेत परत मिळतो. ज्या घरात महिन्याला फिजिओथेरपी व स्पीच थेरपीवर काही हजार रुपये जातात, तेथे ही योजना फार मोलाची आहे. तरीही अनेक कुटुंबे पहिल्या वर्षी नोंदणी करतात आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरतात. पावत्या जपून न ठेवणे हे दुसरे कारण. व्यापारी समाजाला पावतीचे महत्त्व सांगावे लागू नये. परंतु दुकानाच्या पावत्या फायलीत असतात आणि मुलाच्या औषधांच्या पावत्या स्वयंपाकघरातील डब्याखाली.

येथवरची वाट कागदांची झाली. ज्यासाठी ती चालावयाची तो हात कोठे मिळतो? अठरा वर्षांपर्यंत उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. मुंबईत १९४४ साली वकील दाम्पत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केलेली जय वकील शाळा, पुण्यात १९६४ पासून कार्यरत असलेली कामायनी, १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी स्थापन केलेली संस्था, या आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या विशेष शाळांनी महाराष्ट्रात मोठे काम केले. शाळेत विशेष शिक्षक असतो, मदतनीस असते, गाडी असते, आणि दिवसातून पाच-सहा तास घराला श्वास घेता येतो. शिक्षक वा थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. १९९२ च्या अधिनियमानुसार ही नोंदणी आवश्यक आहे. थेरपीचे फलक आता औषधांच्या दुकानांइतके झाले आहेत आणि त्यांतील प्रत्येक फलकामागे पदवी असतेच असे नाही.

खरी अडचण अठराव्या वाढदिवसानंतर सुरू होते. शाळेचा दाखला हाती पडतो आणि मुलगा घरी बसतो. काही शहरांत प्रौढांसाठी कार्यशाळा आहेत: पणत्या रंगविणे, कागदी पिशव्या, मसाल्याची पाकिटे, मेणबत्त्या. जागा मर्यादित असतात, आणि तालुक्याच्या गावी बहुधा काहीच नसते. पाच-सात वर्षांत शाळेत शिकलेल्या सवयीही विरून जातात. वजन वाढते, चिडचिड वाढते, आणि आई तोवर पन्नाशी ओलांडते. राष्ट्रीय न्यासाने यासाठी काही योजना आखल्या आहेत: लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेपासाठी 'दिशा', मोठ्यांच्या दिवसकेंद्रासाठी 'विकास', कुटुंबाला काही दिवसांची उसंत मिळावी म्हणून 'समर्थ', प्रौढांच्या कायम निवासासाठी 'घरौंदा' आणि काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी 'सहयोगी'. या योजना नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात. म्हणजे ज्या गावात संस्था नाही, तेथे योजना नावापुरतीच राहते. २०१६ च्या अधिनियमाच्या चोविसाव्या कलमात उच्च आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे आणि अडतिसाव्या कलमात अशी गरज तपासून घेण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे. मात्र चोविसाव्या कलमालाच 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पुस्ती जोडलेली आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु रोज सकाळी घरी येणारा प्रशिक्षित हात अद्याप कोणताही विभाग पाठवीत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

त्यामुळे बहुतेक कुटुंबे खासगी मदतनीस शोधतात. शहरात नर्सिंग ब्युरोमार्फत मावशी मिळतात; त्यांना वृद्धांची शुश्रूषा ठाऊक असते, स्वमग्न तरुणाची नव्हे. अशा वेळी कोणाला तरी निवडून तिला शिकवणे हाच व्यवहार्य मार्ग. पहिले पंधरा दिवस आईने सोबत राहावे. वर सांगितलेली वही तिच्या हाती द्यावी. काम ठरवताना 'मुलाला सांभाळणे' एवढे मोघम न सांगता, कोणती कामे त्याच्याऐवजी करावयाची आणि कोणती त्याच्याकडून करवून घ्यावयाची, हे वेगवेगळे सांगावे. चांगली मदतनीस बटणे लावून देत नाही. ती वरचे एक लावते आणि बाकीची त्याला लावू देते, मग वीस मिनिटे लागली तरी. तिचा पगार, साप्ताहिक सुटी आणि आजारपणातील व्यवस्था हे स्वयंपाकीण वा धुणेवालीपेक्षा काळजीपूर्वक ठरवले पाहिजे, कारण ती अचानक गेली तर तुटते ते एक नाते. मुलगी वयात आलेली असेल तर मदतनीस स्त्रीच असावी, आणि मुलगा असो वा मुलगी, अंगाला कोणी कोठे हात लावावा व लावू नये हे त्यांना समजेल अशा रीतीने शिकवले जावे. हा विषय टाळण्याकडे कल असतो. तो टाळू नये.

निवासी संस्थेचा विचार करणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील कोळवणचे साधना व्हिलेज, बदलापूरची पालकांनी उभारलेली 'आधार' अशा संस्था प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. प्रवेश मिळो न मिळो, प्रौढांचे जीवन कसे असू शकते हे तेथे दिसते. साधना व्हिलेज १९९४ पासून चालू आहे आणि तेथे बौद्धिक दिव्यांग प्रौढ व कार्यकर्ते घरे करून एकत्र राहतात. कोणत्याही संस्थेला भेट देताना कार्यालयात चहा घेऊन परत येण्यात अर्थ नाही. जेवणाच्या वेळी जावे. रात्रपाळीला किती माणसे किती रहिवाशांसाठी असतात, हे विचारावे. नखे, दात आणि पायांच्या टाचा पाहाव्यात, त्या माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगतात. २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे अशा संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र असावेच लागते. ते पाहण्यास मागावे. आपल्या कुटुंबांचा आणखी एक प्रश्न असतो तो आहाराचा. कांदा-लसूण, रात्रिभोजन, कंदमुळे यांविषयी संस्थेशी आधीच बोलून घ्यावे. शाकाहारी स्वयंपाक बहुतेक ठिकाणी मिळतो, बाकीचे किती पाळता येईल ते त्या त्या ठिकाणच्या व्यवस्थेवर अवलंबून राहते, आणि एवढ्या एका कारणासाठी चांगली जागा सोडावी की काय, याचा निर्णय प्रत्येक घराने विवेकाने घ्यावा.

या प्रौढांची स्वतःची इच्छा काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. तीस वर्षांच्या माणसाला 'बाळ' म्हणून हाक मारली जाते, त्याचे कपडे दुसरे निवडतात, त्याच्या ताटात दुसरे वाढतात. २०१६ च्या अधिनियमाचा कल वेगळा आहे. त्यातील मर्यादित पालकत्वाची कल्पना अशी, की पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्यासोबत निर्णय घ्यावा. ज्याला बोलता येत नाही तोही दोन शर्ट समोर धरले तर एकाकडे हात करतो.

आता सर्वांत कठीण प्रश्न, जो प्रत्येक आई-वडील मनात बाळगून असतात आणि उच्चारीत नाहीत: आमच्यानंतर याचे काय? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ जैनांनाही लागू आहे, आणि त्यानुसार आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व अपत्य अठरा वर्षांचे होताच संपते. मुलगा बुद्धीने चार वर्षांचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो प्रौढ असतो. बँकेत त्याच्या नावावर ठेव असते आणि सही करणारे कोणी नसते, तेव्हा कुटुंबाला हे प्रथम कळते. यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तुलनेने सोपा मार्ग आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे सदस्य. आई-वडील किंवा नातेवाईक या समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करू शकतात, दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. समिती गरज आहे की नाही हे तपासते आणि पालकाची कर्तव्ये ठरवून देते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की वर्षभरात हा अर्ज करावा; आई-वडील सत्तरीत पोहोचेपर्यंत थांबू नये.

संपत्तीविषयीही स्पष्ट बोलणे हवे. 'भाऊ पाहील' या विश्वासावर सारे भावाच्या नावे केले जाते. भाऊ चांगला असतो. परंतु व्यापारात चढ-उतार होतात, भागीदारी मोडते, कर्जात घर जाते आणि त्यात दिव्यांग भावाचा वाटाही जातो. मृत्युपत्रात त्याचा वाटा वेगळा दाखवावा आणि शक्य असल्यास १८८२ च्या अधिनियमाखाली त्याच्या हितासाठी खासगी न्यास करून विश्वस्त एकाहून अधिक नेमावेत, त्यांतील एक तरी कुटुंबाबाहेरचा असावा. सार्वजनिक न्यास पन्नास वर्षे चालवू शकणाऱ्या समाजाला असा एक लहान खासगी न्यास चालवणे जड जाऊ नये.

समाजाने काय करावे, याचे उत्तर इमारत बांधणे असे चटकन दिले जाते. त्याची घाई करू नये. निवासी गृह चालवणे हे आयुष्यभराचे, चोवीस तासांचे बंधन आहे आणि देणगीचा ओघ आटला तर रहिवासी रस्त्यावर येतात. त्याआधी लहान कामे पुष्कळ आहेत. तपासणीच्या दिवशी जिल्हा रुग्णालयात सोबत जाणारे दोन स्वयंसेवक हवेत. रांगेत एक उभा राहील, दुसरा मुलाला बाहेर फिरवील. 'निरामया'च्या नूतनीकरणाची यादी ठेवणारा एक कार्यकर्ता हवा. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत विचारणारे कोणी हवे. समाजाची भवने आठवड्यातील बहुतेक दुपारी रिकामी असतात. तेथे तीन तासांचे दिवसकेंद्र एका विशेष शिक्षकाच्या व दोन मदतनीसांच्या पगारात सुरू होऊ शकते. ज्यांची दुकाने, गोदामे, पॅकिंगची कामे आहेत त्यांनी एका तरुणाला रोज दोन तास पाकिटे भरण्याचे काम, आणि त्याचा पगार, द्यावा.

आणि घरातील बहीण-भावंडांशी बोलावे, त्यांच्या लग्नानंतर नव्हे, आधी. पुढे पालकत्व कोणी घ्यावयाचे हे गृहीत न धरता विचारावे. 'नाही' म्हणण्याचीही मुभा असावी. जो 'हो' म्हणेल त्याला हे माहीत असावे, की नेमणुकीपासून सहा महिन्यांत दिव्यांग भावंडाच्या स्थावर-जंगम मालमत्तेची यादी समितीकडे द्यावी लागते आणि त्यानंतर दरवर्षी, आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत, म्हणजे ३० जूनपर्यंत, तिचा जमाखर्च सादर करावा लागतो. हिशेबाची वही आतापासूनच वेगळी घालावी.